कुंदावहिनीने शिवलेली गादी

माहेरच्या समोरच्या फ्लॅटमधल्या भाभींचा फोन सकाळीच आला. “दीदी, कुंदा भाभी नहीं रहीं... आप आ जाइए.” पुण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मी विचारलं, “आई के पास कौन है?” वहिनी कशी गेली, हे त्यानंतर विचारलं. चहा ठेवता ठेवता कोसळली, आईच्या हाका ऐकून भाभी धावत आल्या, तोवर सगळं संपलं होतं. दीड महिना झाला, पण आधी काय विचारलं आणि मग काय, ते काही केल्या मनातून जात नाही.

कुंदावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. हातोदच्या शाळेत शिकवायची, रोज बसने जायची-यायची, आणि परतताना बसमध्ये काय काय घडलं ते नकलांसकट सांगून आम्हाला हसवायची. दादा गेला आणि वर्षभरात आईचं विसरणं वाढत गेलं. तिला घर ओळखू येईना, माणसं ओळखू येईनात. वहिनी नजरेआड झालेली मात्र खपत नसे. दिसली नाही की हाका, मग दार उघडून थेट जिन्यात. सांभाळायला बायका ठेवून पाहिल्या, तर आई त्यांना चोर म्हणून ओरडायची. वहिनीने नोकरी सोडली. आईच्या पलंगावरून दिसेल असा एक लाकडी बाक पॅसेजमध्ये ठेवला आणि ती तिथे बसू लागली. भाजी निवडणं, पेपर वाचणं, जेवणसुद्धा तिथेच.

गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर मी दोन दिवस गेले, तेव्हा ती त्या बाकासाठी गादी शिवत होती. जुन्या उशांचा कापूस काढून हाताने मोकळा केला होता, निळ्या पडद्याची खोळ केली होती, आणि कापूस एका जागी गोळा होऊ नये म्हणून मधेमधे आरपार टाके घालत होती. “अगं, मशीन आहे ना घरात?” मी म्हटलं. “मागच्या खोलीत आहे. तिथून मी दिसत नाही आईंना. इकडे आणलं होतं, तर आवाजाला घाबरल्या.” आतून आईने विचारलं, “कुंदा, काय करतेस?” “गद्दी शिवते आहे, आई.” पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर, आवाज जराही न चढवता. मी कौतुक केलं, तर म्हणाली, “बसायचंच आहे, तर आराम से तरी बसू.” मग सुईवरची नजर न काढता हळूच म्हणाली, “अंजू, आठ दिवस राहशील का गं? सिमरोलला नलूकडे जाऊन येते. बस, और कुछ नहीं.”

नातवाची परीक्षा होऊ दे, मी म्हटलं. मग उन्हाळा आला, मग माझे गुडघे... तिने पुन्हा विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

आता त्या बाकावर मी बसते. एकदा कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर उतरताना आई जिन्यात अनवाणी उभी, कठडा धरून थरथरत. तेव्हापासून कपडे खिडकीतच वाळतात. बाहेरून भाजीवाल्याची हाक येते, शाळेची बस थांबते, निघून जाते... गादी एका बाजूने पार दबली आहे, दाराच्या बाजूने. तिथूनच पलंग नीट दिसतो.

गेल्या रविवारी नलू आली, वहिनीची धाकटी बहीण. चहा पिताना म्हणाली, “दीदी हर बार फोनवर सांगायची, अंजू येणार आहे, ती आली की मी येते. मी खोलीसुद्धा आवरून ठेवायची.” निघताना तिने गादी उचलली, टाक्यांवरून हात फिरवला. “ताई, ही मी घेऊन जाऊ? तिच्या हातची आहे.”

द्यायलाच हवी होती. तिचाच हक्क होता.

“आत्ता नको गं नलू,” मी म्हटलं. “मला बसायला लागते.”

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आईच्या दाराकडे. मग गादी परत बाकावर ठेवली आणि खोळीचा मुडपलेला कोपरा हाताने सरळ केला.