अप्पांच्या प्लॉटातली शिळा

"अप्पा गेले," त्यांच्या मुलानं उमरीच्या माझ्या घरी फोन करून एवढंच सांगितलं. रेणापूरजवळच्या एका गावात मी ग्रामसेवक होतो, तेव्हा अप्पा सरपंच. कपाळावर भस्माचे पट्टे, किराणा दुकान आणि सरकारचं नाव निघालं की चढणारा पारा... मला ते पहिल्या दिवसापासून आवडले.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि दुष्काळानं गावचा तलाव कोरडा पडला होता. काठाला लागूनच सडक, म्हणून पंचायतीनं तिथं प्लॉट पाडले. एकावर अप्पांनी थोरल्या मुलाच्या घराचा पाया खणायला घेतला. तेवढ्यात वरून आदेश आला: पूररेषेच्या आत बांधकाम नको. पाठोपाठ एक साहेब नकाशा बघून दगड रोवून गेले. चार-पाच प्लॉट अडकले; अप्पांचा वर होता, तो सुटला.

"पानीच न्हाई तर रेषा कशाची?" अप्पा कडाडले. गावाला आपला तलाव ठाऊक आहे, सरकारनं शिकवू नये, असं झणझणीत उत्तर त्यांनी मला लिहायला लावलं. मीही हौसेनं लिहिलं. ते मी अप्पांच्या घरी वाचून दाखवताना त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कांनी, विचारलं, "ठाऊक हाय म्हन्तूस, तर तळं भरल्यावर आमी बाया वटी कुठं भरायचो?"

तलाव काठोकाठ भरला की बायका पाण्याच्या कडेच्या एका सपाट शिळेवर पाण्याची ओटी भरत. पण कैक वर्षांत तो भरलाच नव्हता. शिळा मातीखाली गेलेली. अक्का पुढं, आम्ही मागं. सरकारी दगड ओलांडून त्या चढत गेल्या आणि अप्पांच्याच पायाजवळ थांबल्या. "हितं उकर."

कुदळ शिळेवर वाजली. अप्पा तिच्यावर बसले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, ते उत्तर फाडा. लिवा, तुमचा दगड चुकलाय. रेषा हितून धरा."

"अप्पा, घर जाईल. आणखी प्लॉट अडकतील, सरपंचकीही जाईल."

"पानी आलं तर लेकरं बुडतील की! लिवा."

पंचायतीत भांडून त्यांनी ठराव करून घेतला. मी मात्र तो चार दिवस टपालात टाकलाच नाही. वाटलं, मन फिरेल. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "गेला का कागद?" मी बेधडक हो म्हणालो आणि धावत जाऊन टाकून आलो.

रेषा शिळेपाशी सरकली आणि निवडणूक ते हरले. प्लॉटवाल्यांनी दुकानाची पायरी सोडली. दोन पावसाळ्यांनी तलाव भरला, जुना सरकारी दगड बुडाला आणि पाणी शिळेला टेकलं. अक्कांनी ओटी भरली. लोक अप्पांशी पुन्हा बोलू लागले, पण सरपंच काही कुणी केलं नाही.

परवा भेटायला गेलो, तर मुलानं मला शिळेपाशी नेलं. रोज सकाळी पूजा आटोपून अप्पा तिथंच बसायचे म्हणे. "कुनीबी आलं की सांगायचे, भाऊसाहेबानं कागद धाडला म्हनून गाव वाचलं."

मला राहवेना. त्या चार दिवसांचं मी त्याला सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक व्हतं अप्पांना," तो म्हणाला. "पोस्टमन आपल्याच दुकानात बसायचा न्हवं."

मग मी अप्पांच्या जागेवर थोडा वेळ बसलो.