मशीनची दृष्ट

आधी चहा संपवा, मग सांगते. मागच्या वेळी सांगताना माझ्या धाकट्या जावेच्या नाकातून चहा आला होता आणि दोष मलाच लागला. संपला? मग ऐका. शाळेत आयुष्य काढलेल्या बाईनं स्वतःच्या अब्रूचं खोबरं स्वतःच्या हातानं कसं उधळलं, ते सांगते.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी सगळी नोकरी विज्ञान शिकवलं. आणि नुसतं पुस्तकातलं नाही हो! कुणाच्या सायकलला काळी बाहुली दिसली की मी कात्री घेऊन फाटकात उभी. ग्रहण लागलं की मुद्दाम वर्गात बसून पोहे खायचे. लिंबू-मिरची दाराला कशाला, पोटात घाला, हे वाक्य तर गावात माझ्या नावावरच आहे. एवढा दरारा! आणि त्याच बाईनं, म्हणजे मीच, भर शाळेत... थांबा, आधी सून कळायला हवी.

आमचं गाव कराडच्या खाली, सांगलीच्या वाटेवर, कृष्णाकाठी. पाण्याची कमी कधीच नव्हती. उसाला तर लोकांनी इतकं पाणी पाजलं की जमिनीनं शेवटी पोटातलं मीठ वर आणून टाकलं. शाळेची विहीर त्याच पट्ट्यात. पाणी दिसायला आरशासारखं, चवीला मचूळ. त्यात डाळ शिजत नाही, त्या पाण्याच्या चहात दूध घातलं की फाटतं. पोरं बिचारी घरून बाटल्या आणतात.

माझी सून ऋतुजा मलकापूरची, कराडच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेली. मुलगा फौजेत, त्याचं पोस्टिंग लांब. ऋतुजा आमच्याजवळ राहिली आणि म्हशी विकल्यावर रिकाम्या पडलेल्या गोठ्यात तिनं कारखाना मांडला. पंप, नळ्या, वायरी, आणि मधे पातळ पडद्यांची एक चळत, दोन पाट्यांमध्ये आवळून बसवलेली. मला वाटलं, हे गाळणं असणार.

“गाळणं नाही आई,” ती म्हणाली. “मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे दोन भाग होतात, एक धन, एक ऋण. वीज सोडली की धन एकीकडं पळतं, ऋण दुसरीकडं. मधले पडदे एका आड एक. एक फक्त धनाला वाट देतो, दुसरा फक्त ऋणाला. लग्नात जेवणाचा पुकारा झाला की बघा, बाया एका दारानं जातात, बापये दुसऱ्या दारानं, आणि मांडव रिकामा. तसं एका फटीतलं पाणी रिकामं होतं आणि शेजारच्या फटीत मीठ साचतं.”

अहो, धन आणि ऋण मीच शिकवत आले होते! पण माझं फळ्यावर राहिलं, पोरं पुसून घरी गेली. हिनं त्याच दोन चिन्हांना कामाला लावलं होतं. मी तिथं गव्हाणीवर बसले आणि नळीतून पडणारं पाणी चाखलं. गोड. अगदी गोड. खरं सांगते, त्या दिवशी मला माझ्या विषयाचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

पण पुण्याच्या एका कंपनीनं तिला बोलावलं होतं. ती मला सरळ म्हणाली की शाळेच्या विहिरीवर हे मशीन बसलं तर ती गावात राहील, नाही बसलं तर पुण्याला जाईल. गोठ्यात एकटीनं किती दिवस खुडबुड करायची? मी म्हटलं, जा की बाई, शिकलीस कशाला मग. हे तोंडानं म्हटलं. आमचे हे दिवसभर रानात, मुलगा तिकडं. त्या पोरीशी गप्पा मारण्यातच माझा दिवस उगवायचा आणि मावळायचा. ती गेली तर घर खायला उठलं असतं. पण हे सुनेला सांगितलं तर ती सासू कसली?

सरपंच दिनकर, माझाच विद्यार्थी. त्यानं ठरवलं की रविवारी शाळेत सगळ्यांसमोर मशीन चालवून दाखवायचं. विहिरीचं पाणी घ्यायचं, गोड करायचं आणि त्याचाच चहा करायचा. दूध फाटलं नाही तर मशीन शाळेत बसवायचं. आमच्या गावात कसोट्या अशा असतात.

रविवारी सकाळी आम्ही दोघींनी व्हरांड्यात सगळं मांडलं. विहिरीचं पाणी टाकीत भरलं. त्या टाकीतलं पाणी मशीनमधून जायचं आणि पुन्हा टाकीत यायचं, दर फेरीला कमी खारट होऊन. निघालेलं मीठ शेजारच्या बादलीतल्या पाण्यात. सगळं सज्ज झालं आणि तेवढ्यात हौसाक्का आली. हौसाक्का म्हणजे शाळेचा स्वयंपाक करणारी, आमची शेजारीण. मन निर्मळ, पण नजर एकदा रोवली की निघत नाही.

“मास्तरीणबाई, लय गुणाची सून घावली तुमाला,” ती म्हणाली. “आख्ख्या गावात अशी न्हाई.” असं म्हणून तिनं मशीनकडं बघितलं, पापणी न हलवता, किती तरी वेळ. आणि मशीननं एक उचकी दिली आणि पंप बंद पडला.

ऋतुजानं वायर बघितली, सैल झाली होती. ती घट्ट केली, पंप सुरू झाला. झालं, संपलं, असं मी म्हणायला हवं होतं ना? ऋतुजा घरून जास्तीची वायर आणायला गेली, हौसाक्का दुधाला गेली आणि मी मशीनपाशी एकटी उरले. विज्ञान सांगत होतं, वायर सैल होती. काळीज सांगत होतं, हौसाक्काची नजर.

तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही? होय, मी! पोरगी हातची जायची वेळ आली की विज्ञान पदरात तोंड लपवतं. मी शाळेच्या स्वयंपाकघरात गेले. तिथं सगळंच असतं. खडेमीठ घेतलं, मोहरी घेतली, सुक्या मिरच्या घेतल्या. मीठ चिमूटभर पुरतं, पण मशीन केवढं मोठं! मी दोन्ही मुठी भरल्या. मशीनभोवती ओवाळलं, आल्यागेल्याची, भुताखेताची, आणि शंका नको म्हणून हौसाक्काचीही, नाव घेऊन. आता हे सगळं विस्तवात टाकायचं, म्हणून मी गॅसकडं वळले आणि फाटकातून हाक आली.

“बाई, हाय का आत?”

दिनकर! हाच दिनकर सातवीत परीक्षेच्या दिवशी दही-साखर खाऊन आला होता आणि अंधश्रद्धेवर मी त्याला वर्गात उभं करून ऐकवलं होतं. आता तो व्हरांड्याच्या पायऱ्या चढत होता आणि माझ्या दोन्ही मुठींत मीठ, मोहरी आणि मिरच्या. पळायचं कुठं? पदराला तरी एवढं कुठं मावतंय? मी पाठ टाकीला लावली, हात मागं नेले आणि मुठी सोडल्या.

डुबुक.

दिनकर पायाला वाकला. मी आशीर्वाद दिला तो नुसत्या मानेनं, कारण हात ओले होते. तो मशीन बघायला पलीकडं गेला तशा मी तरंगणाऱ्या मिरच्या भराभर गोळा करून कमरेला खोचल्या. एक मोडली आणि तिचा निम्मा तुकडा नळीच्या दिशेनं गेला. मीठ तर कधीच तळाला जाऊन विरघळायला लागलं होतं. टाकीतलं पाणी बदलावं, असं सुचायला हवं होतं. सुचलं तोवर गाव जमलं होतं.

ऋतुजानं सगळ्यांना आधी खारटपणा दाखवायचा म्हणून मीटर टाकीत बुडवला आणि तिचा चेहरा उतरला. विहिरीच्या रोजच्या आकड्याच्या कितीतरी वर. तिनं मीटर पुसला, पुन्हा बुडवला. तेच. दिनकरनं बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

“वैनी, हे तर समुद्राचं पाणी झालं की.”

मग काय, गावच ते! एकजण म्हणाला, परवा कोयनेकडं जमीन हलली, आमची भांडी वाजली, त्या धक्क्यानं आतला खारा झरा फुटला असणार. लगेच दुसऱ्यानं त्या झऱ्याची वाट हातवारे करून दाखवली, जणू तो स्वतः आत उतरून आला होता. विहिरीच्या वरच्या अंगाचे दोन ऊसवाले, नाना आणि बापू, एकमेकांच्या चरीवर घसरले. तुझ्या रानाचा निचरा विहिरीत येतो, नाही तुझ्याच रानाचा येतो. दिनकर म्हणाला, विहीर आजच्या आज बंद करू आणि तपासायला माणूस बोलवू.

मी? मी खांबाला टेकून उभी. सांगितलं असतं तर पोरीच्या कामाचं हसं झालं असतं, असं मी मनाला समजावत होते. खरं कारण एवढंच की धीर होत नव्हता.

“मशीन मचूळ पाण्यासाठी आहे,” ऋतुजा म्हणाली. “पण हेही होईल. वेळ लागेल, बसा सगळे.”

आणि तिनं सुरू केलं. अहो, काय ती पोरगी! थोड्या वेळानं पंप कण्हायला लागला, तशी तिनं नळीच्या तोंडाशी बसवलेली जाळी उघडली. आत मोहरी. काळी, टपोरी, ओळखीची मोहरी. तिनं ती तळहातावर घेतली, सावकाश मान वळवून माझ्याकडं बघितलं, आणि मोहरी कुर्त्याच्या खिशात टाकली. जाळी धुऊन परत बसवली.

मग गाव मीटरभोवती असं बसलं, जसं मतमोजणीला बसतं. आकडा उतरत होता. बादलीतलं पाणी इतकं खारट झालं की तिनं ते ओतून नवं भरलं, आणि पुन्हा भरलं. ना शेगडी, ना वाफ, ना धूर. वीज मिठाला बखोटीला धरून पडद्यापलीकडं नेत होती आणि पाणी जागच्या जागी गोड होत होतं. भांडणारे नाना आणि बापूसुद्धा गप्प झाले. मी टाकलेलं सगळं मीठ ते मशीन निमूटपणे उपसत होतं. मला रडू यायचंच बाकी होतं.

दुपार कलली तेव्हा आकडा विहिरीच्या रोजच्या आकड्याच्याही खूप खाली आला. हौसाक्कानं चहा ठेवला. दूध ओतताना सगळे पातेल्यावर वाकले. दूध फाटलं नाही! टाळ्या पडल्या. पहिला कप सरपंचाला.

दिनकरनं घोट घेतला. आणि त्याला ठसका लागला.

“आलं जास्त पडलंय व्हय?” आमच्या ह्यांनी विचारलं. हौसाक्का म्हणाली, आलं घातलेलंच नाही. ह्यांनीही घोट घेतला आणि टोपीनं कपाळ पुसलं.

ऋतुजानं टाकीतलं पाणी चाखलं, ओठ चावून हसू दाबलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, “मशीन मीठ काढतं. तिखट नाही काढत. तिखटाला धनही नाही, ऋणही नाही, त्यामुळं वीज त्याला हलवू शकत नाही.”

“पर इहिरीत तिखट आलं कुठनं?” दिनकरनं विचारलं.

“तपासावं लागेल,” ती म्हणाली. नजर खाली. मला वाचवत होती हो पोरगी! आणि मी कदाचित वाचलेही असते. पण बापूच्या रानात यंदा मिरचीचा प्लॉट होता. नाना उठला आणि त्यानं बापूची गचांडी धरली.

मग मात्र मी पुढं झाले. कमरेच्या मिरच्या काढून टेबलावर ठेवल्या. ओल्या, चुरगळलेल्या.

“सोड त्याला नाना,” मी म्हटलं. “दृष्ट काढली मी मशीनची. मीठपण माझंच.”

दिनकर मिरच्यांकडं बघतोय, माझ्याकडं बघतोय. मग मागनं कुणीतरी फुसकन हसलं आणि सगळा व्हरांडा हसत सुटला. नानासुद्धा, बापूची गचांडी हातात तशीच धरून. दिनकरनं डोळे पुसले आणि उभा राहिला.

“मशीन शाळंतच बसंल,” तो म्हणाला. “बाईंच्या परीक्षेत पहिल्या झटक्यात पास झालंय. आमाला तर दोनदा बसावं लागलं हुतं.”

ऋतुजानं तिथंच मला मिठी मारली. माझी मान मात्र वर होईना.

वाटलं, सुटले. कसली सुटते! हौसाक्कानं गावभर सांगितलं की मशीन चांगलंच आहे, पण दृष्ट काढली म्हणून ते एवढं चाललं. बाईंच्या हाताला गुण हाय! आता माझ्या दारात कुणी रडकं पोर घेऊन येतं, कुणी नवी म्हैस. परवा बापू नवा ट्रॅक्टर घेऊन आला. मी धन-ऋण समजावून सांगते, सगळे माना डोलावतात आणि शेवटी विचारतात, मीठ कोणत्या हातात धरू?

तरी माझी तक्रार नाही. कारण त्याच आठवड्यात ऋतुजानं अंगणात उभं राहून पुण्याच्या कंपनीला फोन केला. मी दाराआड होते. चोरून ऐकत नव्हते, तिथं केर काढत होते.

“पगाराचा प्रश्न नाही सर,” ती म्हणत होती. “घरी सासूबाई आहेत. त्यांना एकटं सोडून नाही येता येणार मला.”

माझे डोळे भरून आले. केरसुणी हातातच राहिली. मी पदर डोळ्यांना लावला, आणि पलीकडच्या माणसानं माझ्या तब्येतीची चौकशी केली असावी, कारण ती म्हणाली,

“नाही नाही, तब्येत ठणठणीत आहे. तोच तर प्रश्न आहे. टाकीजवळ एकटं सोडायची सोय नाही.”