दारात धुतलेली पांढरी गाडी

आज शेजारच्या द्राक्षबागेत रोगावरचं बोर्डो औषध फवारत व्हते. मोरचूद अन चुन्याचा तो वास नाकात गेला, अन मला माझीच लाज वाटली.

माझं लगीन व्हायचं व्हतं, तवा मी नवीकोरी पांढरी गाडी घेतली व्हती. पिंपळगावला पोरगी बघायला जायचं व्हतं. आई म्हणली, "बादली अन फडकं घे, दारातच धुवून काढ." पण मला बादली शोभती व्हय? मी बागेतला फवारणीचा पंप ओढून आणला. टाकीत कालचा बोर्डो उरलाय, हे बघायची अक्कल कुठून आणू? ओली व्हती तवर गाडी झकास दिसली. रस्त्यात ऊन लागलं, अन अंगभर निळे डाग उमटले.

पोरीचा बाप बी द्राक्षवाला. गाडीभवती एक चक्कर मारून म्हणला, "पाहुणे, गाडीवर द्राक्षासारखा डावणी रोग पडला व्हता का, बोर्डो मारलाय तो?"

आतून पोरगी खिदळली.

"ज्याला पंप धुवायचं कळंना, त्याला पोरगी कशी देऊ?"

घरी येस्तोवर त्या माणसाला मी लय शिव्या घातल्या. आता माझी पोरगी लग्नाची हाय. माझ्यासारखं येडं दारात आलं, तर मी त्याला गाडीतून खाली बी उतरू देणार नाय.