भिंगमामांचा मिटलेला डोळा

भिंगमामा कुणाच्या दारात दिसले, की त्या घरची माणसं आधी म्हाताऱ्याची तब्येत कशी आहे ते आत जाऊन बघून येत. यात मामांचा दोष नव्हता. जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्स स्वस्तात मिळायची ठिकाणंच तशी: बंद पडत आलेला स्टुडिओ, भंगारवाल्याचं दुकान, नाहीतर आजोबा गेल्यावर उघडलेलं कपाट. मामांचं दुकान पासपोर्ट फोटोंचं; जीव मात्र हाताने रिंग फिरवायच्या जुन्या लेन्समध्ये अडकलेला.

खरेदीची रीत ठरलेली. लेन्सचं नाव काढायचं नाही, "बंद पडलेला कॅमेरा आहे का एखादा?" एवढंच विचारायचं. कॅमेरा मेला म्हणजे पुढची काचही मेली, असं लोक धरून चालतात आणि दोन्ही रद्दीच्या भावात देऊन मोकळे होतात. मग मामा रिंग फिरवून बघत, उजेड कमीजास्त करणारी आतली पाती उघडझाप करतात का ते पाहत आणि शेवटी, फोटोग्राफरच्या सवयीने डावा डोळा मिटून, काच उजेडासमोर धरत. आत बुरशी किंवा धुकं दिसलं, की लेन्स परत.

अलीकडे मात्र एकही धड लेन्स हाताला लागेना.

"लोकांनी वस्तू सांभाळायचंच सोडलंय," ते म्हणत.

"मी तुम्हाला सांभाळतेय, ते काय कमी आहे?" मामी विचारत.

अशात स्टुडिओवाले काका वारले. मामा त्यांच्याच हाताखाली शिकलेले. काकांच्या एका लेन्सने काढलेल्या फोटोंवर निम्म्या गावाची लग्नं जमली होती. त्यातली काही फसली, ती फोटो फारच चांगले आल्यामुळे, असं जाणकार सांगतात. त्या लेन्सवर मामांचा वर्षानुवर्षं डोळा. काकांनी जिवंतपणी हात लावू दिला नव्हता. आता काकूंनीच बोलावणं धाडलं.

"तूच घे. नाहीतर रविवारी भंगारवाला कपाटासकट नेणार आहे."

मामांनी डावा डोळा मिटला, लेन्स खिडकीसमोर धरली आणि त्यांचा चेहरा पडला. "काच गेली हो काकू. सगळं धुकं आहे आत."

"हे सांगूनच गेलेत," काकू म्हणाल्या. "म्हणायचे, तो आला की आधी नावं ठेवेल, मग भाव पाडेल."

"भाव नाही पाडत हो. मला नकोच ती."

मामा रिकाम्या हाताने घरी आले. जेवणात लक्ष लागेना. पाण्याचा ग्लास उचलला, सवयीने डावा डोळा मिटून दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "हा घासलेला नाही."

मामी समोर येऊन उभ्या राहिल्या. "तसंच माझ्याकडे बघा. मीपण धुरकट?"

"थोडी."

मामींनी त्यांच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. "आता दुसरा उघडा."

मामींचा पिकलेला केस न् केस लख्ख दिसला. मामा बोटं मोजू लागले. किती चांगल्या लेन्स परत केल्या, ते मनाशी आठवत असावेत.

"कोराच्या कोरा ठेवलात की हा डोळा," मामी म्हणाल्या. "कुणाला विकायचा होता?"

रविवारी मामा पोचले, तेव्हा कपाट जिन्यात आलेलं होतं.

"काकू, लेन्स चांगली आहे. मोतीबिंदू माझ्या डोळ्यात आहे."

"स्वतःला नावं ठेवताना तुला पहिल्यांदाच ऐकतेय." काकूंनी कपाटातून लेन्सची पिशवी काढून मांडीवर घेतली. "डोळा करून ये. नीट बघ, मग ने. यांची वस्तू अर्धवट बघून न्यायची नाही."

ऑपरेशन झालं. काळा चष्मा उतरायच्या आतच मामा काकूंकडे हजर. चष्मा कपाळावर सरकवून डावा डोळा मिटला, लेन्स खिडकीसमोर धरली. धुक्याचा मागमूस नव्हता. फक्त कडेला केसाएवढा ओरखडा होता. असल्या ओरखड्यावर मामांनी आजवर निम्मे भाव पाडले होते.

काकू त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. "काय रे? आहे का काही?"

मामांनी झाकण लावलं.

"काही नाही. बोला, काय द्यायचं?"

काकूंनी सांगितलं आणि मामांनी तेवढेच दिले. भंगारवाल्याला हे अजून खरं वाटत नाही.