नटावरची काळी रेघ

बाईच्या हातानं आवळलेला नट गळतो, हे मला जळगावात इतक्यांदा ऐकवलंय की कुणी तोंड उघडलं की पुढचं वाक्य मला पाठ असतं. आयटीआयच्या वर्गात एकटी मुलगी होते तेव्हा हेच, एसीच्या दुकानात फिटर म्हणून लागले तेव्हाही हेच. अहो, नट काय कुस्ती खेळून बसवायचा असतो का?

घरातलं मशीन आणि गच्चीवरचं मशीन तांब्याच्या दोन नळ्यांनी जोडतात. नळी कापायची, कीस साफ करायचा, नट आधी नळीत ओवायचा आणि मगच नळीचं तोंड धोतऱ्याच्या फुलासारखं फुलवायचं. नट ओवायचा विसरलात की झालं, पुन्हा कापा. हा गाढवपणा मीही दोनदा केलाय. नट त्या फुलाला दाबून धरतो म्हणून गॅस आत राहतो. पण तांबं मऊ. कमी आवळलं तर गळतं, जास्त आवळलं तर फूल पातळ होऊन तडकतं. माझ्याकडे टॉर्कचा पाना आहे. पुरेसं आवळलं की तो कट्ट वाजतो. वाजला की हात काढायचा, संपलं.

माझ्याबरोबर कामाला नाना असायचे. दुकानातले सगळ्यात जुने फिटर, निम्मं काम मला त्यांनीच शिकवलेलं. पण माझ्या पान्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "कट्ट वाजनं म्हंजे नट बसना का?" असं म्हणून हसायचे. मीही हसण्यावारी न्यायचे.

गेल्या उन्हाळ्यात मी बसवलेली दोन मशिनं लागोपाठ गळली. दुकानाच्या शेठनी मला समोर उभं केलं आणि सांगितलं, "तिसरं गळालं की तू काउंटरवर. तिथं बसून तक्रारींचे फोन घ्यायचे." काउंटरवर! यासाठी मी भर उन्हात गच्च्या चढले होते? घरच्यांशी भांडून हा धंदा धरला होता? आपलं चुकतंय कुठं तेच कळेना, जीव नुसता जळत होता. म्हणून तेव्हापासून मी एक केलं. पाना कट्ट वाजला की नटापासून तो ज्यावर बसतो त्या मशीनच्या वॉल्व्हपर्यंत मार्करनं एक सरळ काळी रेघ ओढायची. नट हलला तर रेघ तुटणार.

तिसरी तक्रार पंधरा दिवसांत आली. मेहरूणमधलं एका व्यापाऱ्याचं घर. तिथल्या भाभी दारातच म्हणाल्या, "गार हवा बंदच झाली हो, मुलं उकाड्यानं हैराण झालीत." मी आणि नाना गच्चीवर गेलो. साबणाचं पाणी लावताच नटाभोवती बुडबुडे फुलले. मग रेघ पाहिली. वॉल्व्हवरचा तुकडा एकीकडे, नटावरचा अर्धं बोट पुढे. आणि पुढे म्हणजे आवळायच्या दिशेनं. मशीनच्या थरथरीनं नट सैल होतो, आपोआप घट्ट कधीच होत नाही. मी राहिलेला गॅस मशीनमध्ये ओढून घेतला आणि नट उघडला. फूल तडकलेलं होतं.

"नाना, हे तुम्ही केलंत?"

त्यांनी नाही म्हटलं नाही. "तू खाले गई का मी थोडासा पीळ दी देस," ते म्हणाले. "तुनाकरताच, माय. गळनं तर नाव तुनं जाई."

तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याकरता! मी मशीन चालू करायला खाली गेले की हे मागून जोर लावायचे, आणि बोलणी मी खात होते. तिन्ही वेळा! मी तडकलेलं तोंड कापलं, नट ओवला, नवं फूल केलं, आवळलं, कट्ट. पंप लावून नळीतली हवा काढली, गॅस सोडला, बुडबुडे पाहिले. एकही नव्हता.

तेवढ्यात शेठचा फोन आला. "काय निघालं? उद्यापासून काउंटर ना?"

नाना माझ्याकडे बघत होते. मला शिकवणारा माणूस, पिकलेले केस, मला वाईट वाटलं. तरी सांगितलं. त्यांच्यासमोर, त्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "नट मी नीट बसवला होता. नानांनी वरून आवळला, म्हणून तडकला. आधीचे दोन्हीही तसेच गेले. विचारा त्यांनाच." आणि फोन त्यांच्या हातात दिला.

नाना बराच वेळ नुसतं "हा शेठ, हा" करत राहिले. मग फोन परत देत म्हणाले, "उद्या भडगावनं काम शे. दोन्ही जणांस्ले बलावं शे."

"येते. पण नळ्या जोडताना गच्चीवर मी एकटी."

"आनि गळनं तर?"

"गळू दे, नाना. गळलं तर माझ्या हातचं गळेल. तुमच्या हातचं मी आता माझ्या नावावर घेणार नाही."