जावयाची गाडी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका काकांचं साड्यांचं दुकान आहे. रस्त्याकडेला गाड्या लावायला बंदी झाली, तेव्हा सगळ्यात जास्त ओरडले ते हेच. "गिऱ्हाईक काय उडत येईन?" पण पहिल्याच आठवड्यात सिटी बस हॉर्न न वाजवता दुकानासमोरून सरळ निघून गेली आणि हा माणूस पालटला. आता ते गादीवर कमी, पायरीवर जास्त असतात. मी स्कूटर नुसती टेकवली की सुरू, "काहून लावून राहिले गा भाऊ? चौकापलीकडे मैदान आहे न!" यांच्यापेक्षा पोलीस परवडले.

परवा त्यांचा जावई काटोलहून आला. लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना, म्हणून वाणाला बोलावलेला. बाहेर आग ओकणारं ऊन. गाडी थेट पायरीशी थांबली. आता बघूच, म्हणून मीही मागे स्कूटर टेकवली.

ते हात जोडून पुढे आले. "या जावईबापू. पण गाडी मैदानात लावा लागते."

जावयाचा चेहरा पडला. हे मात्र आतून छत्री घेऊन आले आणि त्याच्या शेजारी गाडीत जाऊन बसले.

थोड्या वेळानं दोघं चालत येताना दिसले. छत्री पूर्ण जावयावर धरलेली, सासऱ्यांचं टक्कल उन्हात लालबुंद.

"मामाजी, तुम्ही पण या न सावलीत."

"तुम्ही चाला. अधिकाचे जावई आहात."

ते पायरीशी पोचायच्या आत मी माझी स्कूटर मुकाट्यानं काढली.