शोभेच्या कपाटातलं अत्तर

संध्याला आधी वाटलं, पंखांवरची धूळ झडली असेल. फुलपाखरं हाताळताना ती झडतेच. पण ही भुकटी तपकिरी होती आणि निळ्या फुलपाखराच्या पोटाखाली ढिगासारखी साचली होती. तिनं काचेचं झाकण काढलं, चिमट्यानं पंख जरासा वर केला. खालून एक बारीक केसाळ अळी वळवळत बाहेर आली.

तिनं दुसरी पेटी पाहिली, तिसरी पाहिली. तिथंही तेच.

नवी मुंबईतल्या करावे गावात नव्या बांधलेल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर राजेश्वरीताईंचा स्टुडिओ होता. ताई मूळच्या साताऱ्याच्या, मोठ्या घरच्या. शिल्पकला शिकून नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास इकडे आल्या, कारण इथं जागा स्वस्त आणि ऐसपैस मिळाली. संध्या त्याच गावातली. तिच्या सासऱ्यांची होडी खाडीत असायची, नवरा पंढरी मासळीचा टेम्पो चालवायचा. ती ताईंकडे झाडलोटीला लागली, आणि हळूहळू फुलपाखरांचं काम तिच्याकडे आलं. परदेशात पाळून वाढवलेली फुलपाखरं मेल्यावर पंख मिटून, वाळून पाकिटातून यायची. ओल्या फडक्याच्या डब्यात ती मऊ करायची, पंख अलगद उघडायचे आणि टाचण्या लावून सुकवायचे. सासूला, गोजराला, ते मुळीच आवडायचं नाही.

"मेलेल्या पाखरांना हात लावतंस," ती म्हणायची, "आन् त्याच हातानं भाकरी करतंस!"

संध्या साबणानं दोनदा हात धुवायची.

सध्याचं काम ताईंच्या आईवर होतं. ताईंच्या वडिलांनी परदेशातून बायकोसाठी भारी वस्तू आणल्या होत्या: मगरीच्या कातड्याची पर्स, उंच टाचांच्या चपला, मोत्यांचा कंठा, लाखेनं बंद केलेली अत्तराची बाटली. पण आणल्या आणि दिवाणखान्यातल्या शोभेच्या कपाटात कुलपात ठेवल्या. पाहुणे आले की दाखवायच्या. आई गेल्या तोवर त्यांना यातलं काही वापरायला मिळालं नव्हतं. ताईंनी त्या वस्तू मागून आणल्या, चार काचपेट्यांत पांढऱ्या साटिनवर पक्क्या चिकटवल्या आणि त्यांच्यावर दाट फुलपाखरं बसवली, जणू एखाद्या फांदीवर थवा उतरावा तशी. मुंबईत प्रदर्शन ठरलं होतं. तेवढ्यात वडील आजारी पडल्याचा निरोप आला आणि ताई किल्ली संध्याकडे देऊन साताऱ्याला गेल्या.

आणि आता ही कीड.

संध्या धावत एसटीडी बूथवर गेली. फोन लागेपर्यंत तिनं वायर बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट लाल केलं होतं.

"ताई, पाखरांना कीड लागली. तांदळाला लागते तसली. मी औषध मारू का?"

"औषध अजिबात नको, रंग उतरेल." ताईंचा आवाज दमलेला होता. "थंडीत ठेवायला लागेल. घरच्या फ्रिजनं भागणार नाही, मासे गोठवतात तशी थंडी पाहिजे. आठवडाभर तरी. पेट्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांध. आणि बाहेर काढल्यावर गार असताना उघडू नकोस, नाहीतर आत पाणी धरेल."

"वस्तूंसकट ठेवू?"

"चिकटवलेलं आता कसं काढणार? अत्तर काही गोठत नाही. ठेव तू."

पंढरीचा टेम्पो तळोज्याच्या एका कारखान्यात कोळंबी पोचवायचा. तिथं कोळंबी गोठवून बाहेर देशी पाठवत. गोदाम सांभाळणारा धर्मराज पंढरीच्या ओळखीचा होता. दुसऱ्या दिवशी टेम्पोत गाद्या अंथरून पेट्या ठेवल्या. संध्या मागे पेट्यांना धरून बसली. बेलापूर सोडलं आणि पुढे खड्डे सुरू झाले. नावडे येईपर्यंत ती "हळू, हळू" म्हणून इतकी ओरडली होती की तिचा घसा बसला.

धर्मराजनं पेट्या पाहिल्या आणि तो मागे सरला.

"वहिनी, हे काय आहे? साहेबांनी बघितलं तर मला घरी बसवतील."

"फुलपाखरं हायेत, भाऊ. दुसरं काय नाय."

"आणि खाली मोती दिसतायत ते?"

पंढरीनं त्याला बाजूला नेलं, बराच वेळ समजावलं. शेवटी पेट्या कोळंबीच्या खोक्यांमागे, भिंतीला लागून गेल्या. जाड दार बंद झालं तेव्हा संध्याला वाटलं, आपण कुणाच्या तरी आईचा संसार परक्याच्या हाती देऊन निघालोय.

तो आठवडा तिनं कसा काढला ते तिलाच ठाऊक. कंठा चोरीला गेला तर? पाखरांना मासळीचा वास लागला तर? एका दुपारी पंढरी सहज बोलून गेला, की तळोज्याला सकाळपासून लाईट नाही. संध्या हातातलं पीठ तसंच टाकून उठली.

"जनरेटर असतो गं त्यांच्याकडे," पंढरी म्हणाला. "कशाला टेन्शन घेतेस?"

"तू बघितलास चालू झालेला?"

त्यानं बघितला नव्हता. त्या दिवशी भाकऱ्या गोजरानं केल्या.

पेट्या परत आल्या तेव्हा प्लॅस्टिकवर दव धरलं होतं. थेंब आत आहेत की बाहेर, कळत नव्हतं. उघडून बघावं म्हणून तिचे हात शिवशिवत होते, पण तिनं ते पदरात गुंडाळून ठेवले. सकाळी ताई साताऱ्याहून परस्पर स्टुडिओत आल्या. वडिलांचा आजार आता आटोक्यात होता. दोघींनी मिळून प्लॅस्टिक सोडलं.

पर्स ठीक होती. चपला ठीक. कंठा ठीक. पंख कोरडे होते, अळ्या मरून पडल्या होत्या. चौथ्या पेटीत मात्र अत्तराची बाटली उभी तडकली होती आणि साटिनवर तपकिरी डाग पसरला होता.

"ताई, मी नीट ठेवली होती. आईशप्पथ. मी..."

ताई वाकून डागाकडे बघत राहिल्या. मग बोट टेकवून त्यांनी वास घेतला. पुन्हा घेतला.

"संध्या, अत्तर थंडीनं गोठत नाही."

"मग फुटली कशी?"

"आत पाणी होतं म्हणून. गोठलं, फुगलं." ताईंनी बोट तिच्या नाकाशी नेलं. "बघ. कसला वास येतो?"

संध्यानं हुंगलं. जुनाट, तुरट, ओळखीचा वास होता. "चहा?"

"कोरा चहा." ताई रडतायत की हसतायत, संध्याला कळेना. "रंग सारखा दिसावा म्हणून. आईनं सगळं अत्तर लावून संपवलं गं! बाबा गावाला गेले की कपाट उघडत असणार. लाखसुद्धा पुन्हा लावली तिनं. आणि बाबा इतकी वर्षं पाहुण्यांना चहाची बाटली दाखवत बसले!"

संध्यानं भीत भीत विचारलं, "तुमच्या बाबांना सांगणार?"

"नाही," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "ते आईचं आईपाशी राहू दे."

डाग आणि तडा तसेच ठेवून ताईंनी पेटी मुंबईला पाठवली. कुणी विचारलंच तर काय सांगायचं, या काळजीत संध्या प्रदर्शनाला जायला तयार नव्हती. गोजरानंच तिला ओढत नेलं, आणि नऊवारी नेसून स्वतःही आली. चपलांच्या पेटीपुढे म्हातारी खूप वेळ उभी राहिली.

"गो बाय," तिनं ताईंना विचारलं, "या चपला कोनी घातल्याच नाय का?"

ताईंनी काचेत वाकून पाहिलं. चपला साटिनला घट्ट चिकटलेल्या होत्या. झिजलेत की नाही ते कळायला तळच दिसत नव्हते.

"काय माहीत, मावशी," त्या म्हणाल्या. "आता मला काहीच खात्रीनं सांगता येत नाही."